दोन पासपोर्ट, एक दस्त

सुरतेच्या अडाजण भागातला एक फ्लॅट एक कोटीला विकायचा आहे, आणि तो एकट्या नवऱ्याच्या नावावर आहे, असं समजू. मालक भारतात राहणारा असेल तर खरेदीदार पैसे देताना एक टक्का, म्हणजे एक लाख रुपये टीडीएस कापून सरकारात भरतो. तोच मालक बायकोसह टोरंटोला पोचून 'एनआरआय' झाला असेल, तर त्याच फ्लॅटच्या त्याच किमतीतून १४ लाख ३० हजार कापले जातात. साडेबारा टक्के भांडवली नफ्याचा कर, रक्कम पन्नास लाखांवर गेली म्हणून त्या करावर दहा टक्के अधिभार, आणि वर चार टक्के उपकर. आता हाच फ्लॅट दोघांच्या नावावर निम्मा-निम्मा असता, तर प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास लाख आले असते, अधिभार सुटला असता आणि कपात १३ लाखांवर थांबली असती. दस्तावर बायकोचं नाव घालायला वीस वर्षांपूर्वी कंटाळा केला, त्याची ही किंमत.

खरं तर कर नफ्यावर असतो, किमतीवर नाही. पण खरेदीदाराला विकणाऱ्याचा नफा किती ते कुठून कळणार? कमी कापलं आणि उद्या नोटीस आली तर ती त्याच्या गळ्यात पडते, म्हणून तो पूर्ण किमतीवर कापून मोकळा होतो. यावर उपाय आहे. विक्रीआधी आयकर खात्याकडे अर्ज करून नफ्याच्या हिशेबाने कमी कपातीचा दाखला घेता येतो. तो हातात यायला वेळ लागतो, आणि घाईत असलेल्या जोडप्याकडे नेमका तोच नसतो. मग विवरणपत्र भरायचं आणि परताव्याची वाट बघत बसायचं. तिकडे घराचं डाउन पेमेंट करायचं असतं आणि इकडे दहा-बारा लाख सरकारी तिजोरीत अडकलेले असतात.

परदेशी निघालेल्या जोडप्यांच्या घरी चर्चा व्हिसाची होते, पॉइंट्सची होते, तिकडच्या थंडीची होते. घर विकायचं काम 'ते बघू नंतर' या खात्यात जातं. सुरतेत तर विशेषच, कारण इथे प्रत्येकाचा एक दलाल मित्र असतो आणि तो 'तुम्ही या जाऊन, मी बघतो' असं छातीठोक सांगतो. पण घर कधी विकलं, निघण्याआधी की निघाल्यावर, यावर कर ठरतो, पैसे बाहेर नेण्याची मर्यादा ठरते आणि सही कोण करणार हेही ठरतं. शिवाय नवरा-बायको एका घरात राहत असले, एका विमानाने जात असले, तरी आपल्याकडच्या आयकराला आणि परकीय चलनाच्या नियमांना जोडपं दिसत नाही. त्यांना दिसतात दोन माणसं, दोन पॅन, दोन पासपोर्ट.

आधी कराचंच एक उदाहरण पुरतं पाहू. २००५-०६ साली २० लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५-२६ मध्ये ७० लाखांना विकला. २३ जुलै २०२४ पासून महागाईचा निर्देशांक लावून खरेदी किंमत वाढवून घेण्याची सवलत गेली आणि सरसकट साडेबारा टक्के दर आला. त्यावर ओरड झाली तेव्हा सरकारने एक पळवाट ठेवली: त्या तारखेआधी घेतलेल्या घरांना जुना हिशेब, म्हणजे निर्देशांकासह वीस टक्के, निवडता येईल. मात्र ही निवड फक्त निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला आहे. निवासी मालकाची खरेदी किंमत निर्देशांकाने (११७ वरून ३७६) सुमारे ६४ लाख २७ हजारांवर जाते, नफा उरतो पावणेसहा लाखांच्या आसपास आणि कर सव्वा लाखाच्या आत. अनिवासी मालकाला मात्र पूर्ण ५० लाखांवर साडेबारा टक्के, म्हणजे सव्वासहा लाख. घर एकच, पण मालकाचा पत्ता बदलल्याने पाच लाखांचा फरक पडला.

मग अनिवासी नक्की कधी होतो? इथे दोन घड्याळं चालतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९, म्हणजे 'फेमा', माणूस कशासाठी चालला आहे ते बघतो. नोकरीसाठी, धंद्यासाठी किंवा किती काळ ते सांगता येणार नाही अशा मुक्कामासाठी निघाला, की निघाल्यापासून तो अनिवासी. आयकर कायदा दिवस मोजतो. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकाचं त्या वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी वास्तव्य झालं, तर तो त्या संपूर्ण वर्षापुरता अनिवासी. १ एप्रिलपासून मोजलं तर १८२ दिवस सप्टेंबर संपता संपता भरतात. म्हणून ऑगस्टमध्ये उडालेला आणि ऑक्टोबरच्या मध्यावर उडालेला, यांच्यात करापुरतं एका अख्ख्या वर्षाचं अंतर पडतं. नोकरीची तारीख दोन महिने पुढे ढकलून मिळत असेल, तर ती मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

खरी गंमत बायकोच्या बाबतीत होते. ही १८२ दिवसांची मोकळीक नोकरीसाठी जाणाऱ्याला आहे. नवरा ऑगस्टमध्ये नोकरीवर रुजू व्हायला गेला आणि बायको त्याच्याबरोबर अवलंबित व्हिसावर गेली, तर तिचं जाणं नोकरीसाठी धरलं जात नाही. तिला जुनी कसोटी लागते: त्या वर्षात ६० दिवस आणि मागच्या चार वर्षांत ३६५ दिवस भारतात काढले असतील तर ती निवासी. एप्रिल ते जुलै सुरतेतच होती म्हटल्यावर ६० दिवस कधीच उलटून गेले. म्हणजे एकाच विमानातून उतरलेल्या दोघांपैकी तो आयकराला अनिवासी आणि ती निवासी. फेमाच्या लेखी मात्र दोघंही अनिवासी. त्या वर्षाच्या डिसेंबरात दोघांच्या नावावरचा फ्लॅट विकायचा तर निम्म्यावर एक हिशेब आणि निम्म्यावर दुसरा. ज्या सीएने आयुष्यभर कापड बाजाराचीच वहीखाती केली, त्याच्याही हे चटकन लक्षात येत नाही.

पैसे बाहेर नेतानाही तीच गत. भारतात राहणाऱ्या माणसाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, दोघांना मिळून पाच लाख. परदेशी घर घेण्यासाठी दोघांची मर्यादा जोडायची असेल तर ते घर दोघांच्या नावावर हवं, नुसतं लग्न झालेलं असून भागत नाही. शिवाय दहा लाख रुपयांपुढे बँक वीस टक्के टीसीएस घेते. तो पुढे करात वळता होतो, पण आधी खिशातून जातो. अमेरिकेची गुंतवणूकदार व्हिसा योजना, जिच्यात २०२२ पासून किमान आठ लाख डॉलर लागतात, ती धरणारी जोडपी म्हणूनच ३१ मार्चच्या आत एक हप्ता आणि १ एप्रिलनंतर दुसरा, अशी आखणी करतात. उलट निघून गेल्यावर विकलं तर पैसे अनिवासींच्या एनआरओ खात्यात येतात, तिथून प्रत्येकाला वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात आणि टीसीएसही नाही. तेव्हा 'आधी विकावं की नंतर' याला सरसकट उत्तर नाही. नफा मोठा आणि घर जुनं असेल तर निवासी असताना विकणं बहुधा स्वस्त पडतं. रक्कम प्रचंड असेल तर नंतरची वाट मोकळी असते.

मालमत्ता एका किनाऱ्यावर आणि माणसं दुसऱ्या, ही सुरतेला नवी गोष्ट नाही. तापीपल्याडच्या रांदेरच्या सुन्नी व्होरा व्यापाऱ्यांनी ब्रिटिश काळात रंगूनमध्ये पेढ्या थाटल्या. तिथल्या मोठ्या बाजाराला सुरतींचंच नाव होतं. १९४१ च्या डिसेंबरात जपानी बॉम्ब पडले तशी माणसं पायी निघाली, आणि १९६४ मध्ये ने विन यांच्या लष्करी राजवटीने दुकानं राष्ट्रीय मालकीची केली तेव्हा उरलेलीही गेली. विकायला अवधीच मिळाला नाही. रमजानच्या दिवसांत रांदेरच्या गल्लीत आजही रंगूनी पराठा आणि खावसा मिळतो. दुकानं गेली तरी पाककृती कुणाला जप्त करता आली नाही.

युगांडाची कथा तर लेखी नोंदींसह आहे. ४ ऑगस्ट १९७२ ला इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. त्यांत बहुसंख्य गुजराती. दुकानं, गिरण्या, बंगले यांची यादी भरून द्यायची आणि किल्ल्या ठेवून निघायचं. मागे राहिलेल्या मालमत्तांसाठी सरकारने एक अभिरक्षक मंडळ नेमलं, १९८२ च्या कायद्याने त्या परत मागण्याचा हक्क दिला, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींच्या काळात लेस्टर-लंडनहून म्हातारी माणसं आपली जुनी कागदपत्रं घेऊन कंपालाला जाऊ लागली. ज्यांनी यादीची प्रत जपली होती त्यांचं काम तुलनेने सोपं झालं.

आणि याच व्यवहाराची उलटी बाजू कॅलिफोर्नियात दिसते. सुरत भागातून गेलेले कानजी मंछू देसाई यांनी १९४२ मध्ये सॅक्रामेंटोत एक हॉटेल चालवायला घेतलं. त्याच्या जपानी वंशाच्या मालकाची रवानगी युद्धकाळातल्या छावणीत झाली होती. दक्षिण गुजरातच्या मोटेलवाल्यांचा वंशवृक्ष बहुतेक जण तिथून मोजतात. मोटेल हा धंदा जोडप्यासाठीच घडवल्यासारखा आहे: राहायची खोली तिथेच, नवरा काउंटरवर, बायको खोल्यांवर, पगारी माणूस जवळजवळ नाही. इथलं शेत विकून तिथली पहिली अनामत रक्कम भरायची, ही पद्धत बारडोली-कामरेज-पलसाण्याच्या गावांनी दोन-तीन पिढ्या पाळली. त्या गावांतले पाहुण्यांच्या डिसेंबरपुरते उघडणारे बंगले हा त्याच पैशाचा परतीचा प्रवास.

आता आजच्या सुरतेकडे. इथल्या घरविक्रीत सर्वांत मोठं घोडं अडतं ते रोखीवर. दस्तावर जंत्रीच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकाच्या, आसपासचा आकडा आणि उरलेले 'वरचे' रोख, ही रीत जुनी. गुजरात सरकारने १५ एप्रिल २०२३ पासून जंत्रीचे दर दुपटीपर्यंत वाढवले तेव्हा ही फट थोडी अरुंद झाली, बुजली नाही. स्थानिक माणसाला रोख चालते, तो दुसऱ्या घरात किंवा सोन्यात जिरवतो. परदेशी निघालेल्याला ती निरुपयोगी असते. व्हिसा अधिकाऱ्याला बँकेचा उतारा दाखवायचा असतो, बँकेला दस्त दाखवायचा असतो, आणि दस्तात नसलेला रुपया कुठल्याच राजमार्गाने विमानात चढत नाही. वर जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला. दलाल 'सात लाख जास्त मिळवून देतो' म्हणाला तर आधी ते सात लाख कोणत्या रूपात, हे विचारावं. पूर्ण चेकने देणारा खरेदीदार दोन-तीन लाख कमी देत असला तरी निघालेल्या माणसासाठी तोच बरा.

शहराच्या काही भागांत आणखी एक अडसर आहे. १९९१ चा अशांत धारा लागू असलेल्या वस्त्यांत जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय घर विकता येत नाही. अर्ज, शेजाऱ्यांचे जबाब, पोलिसांचा अभिप्राय, यात जाणारा काळ तिकिटाच्या तारखेला विचारून जात नाही. आपलं घर त्या हद्दीत येतं का, हे बानाखत, म्हणजे साठेखत, करण्याआधी बघायची गोष्ट आहे, नंतर नव्हे.

निघून गेल्यावर विकायचं तर कुलमुखत्यारपत्र लागतं. तिकडच्या भारतीय दूतावासात सही करून किंवा नोटरीपुढे करून त्यावर अपोस्टील घेऊन कागद भारतात पाठवायचा, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यायचा. दोघांच्या नावाचं घर असेल तर दोघांचं मुखत्यारपत्र हवं. इथे सगळ्यांत जास्त काम अडतं ते नावांवर. दस्तावर बायकोचं माहेरचं नाव, आधारवर नवऱ्याचं आडनाव, पासपोर्टवर मधलं नाव पहिल्या नावाला चिकटलेलं. तिन्ही बाया एकच आहेत हे शपथपत्राने सिद्ध करायचं, आणि तेही मेलबर्नहून. हे काम इथे असताना अर्ध्या दिवसात होतं.

सुरतेतल्या मराठी कुटुंबांचं प्रकरण एका पायरीने वाढतं. लिंबायत, उधना, दिंडोली, गोडादरा इथली हजारो घरं धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेल्यांची. आधी माग, मग डाइंग-प्रिंटिंग मिलची नोकरी, मग स्वतःचं रो-हाऊस, आणि आता तिसरी पिढी संगणकाच्या नाहीतर नर्सिंगच्या पदवीवर आयर्लंड-जर्मनीची स्वप्नं बघणारी. या जोडप्याच्या नावावर दिंडोलीत घर असतं आणि सासऱ्यांच्या वाट्याला अमळनेर-शहाद्याकडे चार-पाच एकर. घर गुजरातच्या दस्तावर, शेत महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव अजून तसंच, वारसनोंद अर्धवट, आत्यांचं हक्कसोडपत्र व्हायचं राहिलेलं. निघायची वेळ आली की नवरा म्हणतो, विकून टाकू. घरातली जुनी माणसं म्हणतात, बिघाभर तरी ठेव.

इथे जुन्या माणसांच्या बोलण्यात भावनेइतकाच कायदाही आहे. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते, पण विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि महाराष्ट्र-गुजरात दोन्हीकडे घेणारा साधारणपणे शेतकरीच लागतो. शेवटचा तुकडा विकला की शेतकरी असल्याचा दाखलाही गेला. पुढे परत येऊन शेती घ्यावीशी वाटली तर दारच बंद. त्यामुळे घर विकून शेत ठेवणं हा भाबडेपणा म्हणता येत नाही. फक्त वारसनोंद करून ठेवावी.

घर न विकता भाड्याने देणं हा मधला मार्ग वाटतो. त्यातही एक काटा आहे. मालक अनिवासी झाला की भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापून भरायचा असतो. वेसूतल्या भाडेकरूला हे सांगून बघावं, तो दुसरं घर शोधायला लागतो.

तिकडच्या सरकारांनी गेल्या काही वर्षांत जोडप्यांच्या आखणीला जे धक्के दिले, त्यांमुळे तर घर आधी विकून टाकणं धाडसाचं झालं आहे. ब्रिटनने १ जानेवारी २०२४ पासून संशोधन अभ्यासक्रम सोडून इतर विद्यार्थ्यांना जोडीदार आणायची बंदी केली, आणि ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करनाही. कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराला खुलं वर्क परमिट मुख्यतः सोळा महिने किंवा त्याहून लांब मास्टर्स, पीएचडी आणि निवडक व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरतं ठेवलं. एक जण शिकेल, दुसरा कमावेल, ही सुरतेच्या आयईएलटीएस क्लासांत पाठ होऊन बसलेली योजना त्या दिवसांपासून अनेकांना लागू राहिली नाही. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार लावला. वर कॅनडात परदेशी माणसाला घर घ्यायला २०२३ पासून बंदी, ती १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवलेली. ऑस्ट्रेलियातही जुनी घरं घ्यायला १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षं मनाई. म्हणजे इथलं विकून तिकडे लगेच घेऊ, हा हिशेब काही देशांत तूर्त बसतच नाही. आणि भारतातलं घर विकून करसवलतीसाठी नवं घर घ्यायचं तर ते भारतातच हवं. ब्रॅम्प्टनचं घर त्यात धरलं जात नाही, ही दुरुस्ती २०१४ सालची.

एकाने आधी जायचं, दुसऱ्याने मागून, हा सावध मार्ग मराठी माणसाला तसा जुनाच आहे. गोपाळराव जोशींनी १८७८ मध्ये अमेरिकी मिशनऱ्याला पत्र लिहिलं ते बायकोच्या शिक्षणासाठी आणि स्वतःच्या नोकरीसाठी. दोघांची सोय एकत्र झाली नाही. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून एकट्या निघाल्या आणि गोपाळराव नंतर पोचले. आजही पहिलं वर्षभर एकाने तिकडे राहून बघावं आणि दुसऱ्याने इथे घर, नोकरी, निवासी दर्जा सांभाळावा, यात पैशाचा शहाणपणा आहे. संसाराला ते झेपतं का, हा ज्या त्या घराचा प्रश्न.

उलट्या दिशेने येणारेही सुरतेला माहीत आहेत. तिकडचं घर विकून पाल-वेसूत स्थायिक होणाऱ्या जोडप्यांनी तिकडचं घड्याळ बघायचं असतं. अमेरिकेत विक्रीआधीच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षं त्या घरात राहिलेल्या जोडप्याला एकत्र विवरणपत्रावर पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त असतो. घर भाड्याने देऊन इकडे येऊन बसलं आणि तीन वर्षं उलटली की ती सवलत हातची जाते. विकणारा तिथे परदेशी ठरला तर किमतीच्या १५ टक्के आधीच कापतात. ऑस्ट्रेलियात तर देश सोडून अनिवासी झाल्यावर राहतं घर विकलं तर राहत्या घराची सूटच बहुतेकदा मिळत नाही. तिथून निघताना आधी घर, मग सामान. ब्रिटनमध्ये अनिवासी विक्रेत्याने साठ दिवसांत माहिती द्यायची, कर लागत नसला तरी. आणि कॅनडाच्या कर खात्याला जोडपं दिसतं: १९८२ पासून नवरा-बायकोला मिळून वर्षाला एकच मुख्य घर दाखवता येतं, दोघांना दोन नाही.

परत आलेल्याला भारतात घाई करायची गरज बहुधा पडत नाही. लागोपाठ बरीच वर्षं बाहेर काढलेल्या माणसाला परतल्यावर दोन, कधी तीन वर्षं 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' असा दर्जा मिळतो, आणि त्या काळात परदेशातलं घर विकून झालेल्या नफ्यावर भारतात कर लागत नाही. दर्जा अर्थातच दोघांचा वेगळा मोजतात. बायको मुलांच्या शाळेसाठी दोन वर्षं आधी परतली असेल, तर तिची मुदत आधी संपते. तो काळ सरला की तिकडचं घर दर वर्षी विवरणपत्रात दाखवावं लागतं. काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली त्या चुकीला दहा लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंतच्या परदेशी बँक खात्यांना, शेअर्सना त्यातून सूट मिळाली, घरांना नाही. फेमा मात्र उदार आहे: परदेशात राहत असताना घेतलेलं घर परतल्यावरही ठेवता येतं, भाड्याने देता येतं, मुलांना वारशाने जाऊ देता येतं.